एक ‘केदार’, इंग्रजीत अनेक: स्पॅनिशमधल्या एका क्रियापदाचा अर्थ कसा लावायचा

स्पॅनिशमध्ये ‘केदार’ नावाचं एक क्रियापद आहे. उच्चार आपल्याकडच्या केदारसारखाच. फक्त ‘के’ थोडा आखूड, जोर ‘दार’वर, आणि मधला द इतका सैल की जीभ दातांना जेमतेम टेकते. नाव ओळखीचं वाटलं म्हणून फसू नका. स्पॅनिश शिकणाऱ्यांची, आणि त्याहून जास्त स्पॅनिशमधून इंग्रजीत काम करणाऱ्यांची, या शब्दाइतकी फिरकी फार थोडे शब्द घेतात.

ही छोटी वाक्यं बघा. ‘केदान दोस’ म्हणजे ‘देअर आर टू लेफ्ट’. ‘ते केदा बिएन’ म्हणजे ‘इट सूट्स यू’. ‘केदा लेखोस’ म्हणजे ‘इट्स फार’. ‘केदामोस आ लास ओचो’ म्हणजे ‘लेट्स मीट ॲट एट’. दुकानात ‘मे लो केदो’ म्हटलं तर ‘आय विल टेक इट’. क्रियापद एकच, पण इंग्रजीत ‘लेफ्ट’, ‘सूट’, ‘इज’, ‘मीट’ आणि ‘टेक’. शब्दकोश उघडला तर यादी आणखी लांब निघते, आणि यादी लांब असली की घाईत पहिलाच अर्थ उचलला जातो. तो बहुधा ‘रिमेन’ असतो, आणि बोलण्यातल्या वाक्यांत तो बहुधा चुकतो.

माझं म्हणणं असं, की ही यादी पाठ करू नका. शब्दाच्या आजूबाजूला काय आहे ते ठरावीक क्रमाने तपासा, मग वाक्य मनातल्या मनात मराठीत म्हणा, आणि इंग्रजीला सगळ्यात शेवटी हात घाला. मराठी मधे घेणं हा वळसा वाटेल. प्रत्यक्षात तो जवळचा रस्ता आहे, कारण या क्रियापदाची बरीचशी वळणं मराठीत आयती आहेत आणि इंग्रजीत नाहीत.

मूळ कल्पना

‘केदार’ आलं लॅटिनमधल्या ‘क्विएतारे’वरून. अर्थ शांत करणं, स्थिर करणं. इंग्रजीतले ‘क्वाएट’ आणि ‘क्विट’ याच मुळाचे. हालचाल थांबल्यावर गोष्ट जिथे आणि जशी स्थिरावते, ते ‘केदार’. खर्च थांबल्यावर हातात जे असतं ते उरलेलं. इतर निघून गेल्यावर जो असतो तो थांबलेला. कपडा अंगावर बसतो, घर एका जागी असतं, बोलणी संपून वेळ पक्की होते. सगळीकडे स्थिरावणंच आहे.

मराठीत हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. हिंदीतलं ‘ठहरना’ आणि आपलं ‘ठरणं’ एकाच कुळातलं. थांबणं आणि निश्चित होणं हे दोन्ही अर्थ त्या कुळात नांदतात, नेमके ‘केदार’मध्ये नांदतात तसे. आणि ‘राहणे’ बघा: दोन दिवस राहिले, काम राहिलं, तो गप्प राहिला, ती घरी राहिली, मी बघत राहिलो, नाव लक्षात राहत नाही, तिला दिवस राहिले. ही सातही वाक्यं स्पॅनिशमध्ये ‘केदार’ वापरून म्हणता येतात. इंग्रजीत त्यांना सात वेगवेगळी वळणं लागतात.

पुढे स्पॅनिश शब्द देवनागरीत लिहिताना एक खूण वापरली आहे. ‘केदो’ म्हणजे मी राहतो, जोर ‘के’वर. ‘केदोऽ’ म्हणजे तो राहिला, जोर ‘दो’वर. स्पॅनिश लिपीत हा फरक एका छोट्या तिरप्या रेघेचा असतो, आणि ती रेघ नजरेतून सुटली की कर्ता आणि काळ दोन्ही बदलतात.

पहिली पायरी: आधीचा ‘मे’ कुठला?

‘मे’ (मी किंवा मला), ‘ते’ (तू किंवा तुला), ‘नोस’ (आम्ही किंवा आम्हाला) हे शब्द ‘केदार’च्या आधी दोन वेगळ्या कामांसाठी येतात. ती दोन कामं वेगळी ओळखता आली की निम्मा गोंधळ इथेच मिटतो.

‘मे केदो’ आणि ‘मे केदा’ शेजारी ठेवा. पहिल्यात क्रियापद ‘मी’चं आहे आणि आधीचा ‘मे’सुद्धा ‘मी’चाच. दोघांची जोडी जुळते. हे ‘केदारसे’ हे आत्मवाचक रूप: मी राहतो, मी थांबतो. ‘मे केदो एन कासा’ म्हणजे ‘आयम स्टेइंग होम’. दुसऱ्यात क्रियापद मराठीतल्या ‘ते’चं, म्हणजे एखाद्या वस्तूचं आहे आणि ‘मे’ मात्र ‘मला’ या अर्थाचा. जोडी जुळत नाही. इथे मी कर्ता नाहीच. काहीतरी मला उरतं, मला बसतं किंवा मला लांब पडतं.

‘नोस केदामोस’ म्हणजे आम्ही थांबतो, ‘नोस केदा’ म्हणजे आम्हाला उरतं. ‘तो’ आणि ‘ती’च्या बाबतीत स्पॅनिश स्वतःच मदत करते: आत्मवाचक असेल तर ‘से’, ‘त्याला’ असेल तर ‘ले’. ‘से केदोऽ’ तो थांबला, ‘ले केदोऽ’ त्याला उरलं किंवा त्याला बसलं.

इंग्रजी माध्यमातून स्पॅनिश शिकणाऱ्यांना हे अवघड जातं, कारण इंग्रजीत ‘मला’ने सुरू होणारं वाक्य जवळजवळ नाही. आपल्याला ‘मला आवडतं’, ‘मला जमतं’, ‘मला पुरतं’ अशी वाक्यं जन्मापासून येतात. वर्गात शिक्षक हे इंग्रजीत समजावत असतील तर तेवढा वेळ कान मिटून मराठीत विचार करा.

दुसरी पायरी: ‘मला’ असेल, तर कर्ता काय आहे?

जोडी जुळली नाही, म्हणजे ‘मला’वालं वाक्य आहे, असं ठरलं. आता उरणारी, बसणारी किंवा लांब पडणारी वस्तू कोणती ते बघा. कर्ता सापडला की अर्थ सापडतो.

मोजता येणारं काही असेल, पैसे, दिवस, दूध, वेळ, तर अर्थ ‘उरणं’. ‘मे केदान दिएस एउरोस’: माझ्याकडे दहा युरो उरलेत, ‘आय हॅव टेन युरोज लेफ्ट’. इथे इंग्रजीने वाक्याची मांडणी उलटवली हे लक्षात घ्या. युरो कर्ता होते, इंग्रजीत ‘आय’ कर्ता झाला. ‘मला’ नसतानाही हाच अर्थ येतो. ‘नो केदा लेचे’ म्हणजे ‘वी आर आउट ऑफ मिल्क’. ‘केदान त्रेस दिआस पारा ला बोदा’, लग्नाला तीन दिवस राहिले, ‘थ्री डेज टू गो टिल द वेडिंग’. गाडीत मागे बसलेली पोरं दर पाच मिनिटांनी ‘क्वांतो केदा?’ विचारतात, तेव्हा त्यांना ‘हाउ मच लाँगर?’ म्हणायचं असतं. आणि ‘नो मे केदा ओत्रा’ म्हणजे माझ्याकडे दुसरा इलाज उरला नाही, ‘आय हॅव नो चॉइस’.

कपडा, बूट, चष्मा, केसांची ठेवण असेल तर अर्थ ‘बसणं’ किंवा ‘शोभणं’. इंग्रजी करताना खरी अडचण इथे आहे, कारण ‘ते केदा बिएन’मध्ये माप बरोबर असणं आणि दिसायला छान असणं दोन्ही येतं. इंग्रजीत मापाला ‘फिट्स’, दिसण्याला ‘सूट्स’ किंवा ‘लुक्स गुड ऑन यू’. संदर्भात ‘ग्रांदे’, ‘पेकेन्यो’, ‘आखुस्तादो’ म्हणजे मोठा, लहान, घट्ट असे शब्द असतील तर माप समजायचं. रंग किंवा कौतुक असेल तर दिसणं. ‘मे केदा ग्रांदे’ म्हणजे ‘इट्स टू बिग फॉर मी’. हेच वाक्य माणसाच्या पदाबद्दल आलं तर मामला बदलतो: ‘एल कार्गो ले केदा ग्रांदे’, म्हणजे त्याला ते पद झेपत नाही, ‘हीज नॉट अप टू द जॉब’.

ठिकाण असेल तर अर्थ ‘असणं’ किंवा ‘पडणं’. ‘मे केदा लेखोस’ हे आपल्या ‘मला ते लांब पडतं’चं जुळं भावंड आहे. इंग्रजीत ‘इट्स अ लाँग वे फॉर मी’ असं सपाट काहीतरी होतं. ‘दोंदे केदा ला एस्तासिओन?’, स्टेशन कुठे आहे? जागेसाठी ‘केदार’ वापरायचं ते फक्त न हलणाऱ्या गोष्टींना: इमारत, गाव, रस्ता, बाथरूम. किल्ली कुठे आहे, मित्र कुठे आहे, असं विचारताना ‘एस्तार’ लागतं.

आणि आपण बनवलेलं काही असेल, स्वयंपाक, चित्र, भाषण, तर अर्थ ‘होणं’, ‘जमणं’. ‘ला पाएया ते आ केदादो बुएनीसिमा’, तुझा पाएया फक्कड जमलाय, ‘योर पाएया टर्न्ड आउट ग्रेट’. स्पेनमध्ये जेवायला बोलावलं तर म्हणायला हे वाक्य ठेवून द्या.

तिसरी पायरी: लगेच पुढे कुठला छोटा शब्द आहे?

‘कोन’, ‘एन’, ‘पोर’, ‘सिन’ हे स्पॅनिशचे छोटे शब्द म्हणजे आपली विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं. ‘केदार’चा अर्थ बऱ्याचदा यांच्याच हातात असतो.

सगळ्यात जास्त काळजी ‘कोन’ची, म्हणजे ‘शी’ किंवा ‘बरोबर’. आत्मवाचक नसलेलं ‘केदार कोन’ आणि माणसाचं नाव आलं तर भेट ठरली आहे. आत्मवाचक ‘केदारसे कोन’ आणि वस्तू आली तर ती वस्तू ठेवून घेणं: ‘केदेसे कोन एल कांबिओ’, सुटे राहू द्या, ‘कीप द चेंज’. दोन-तीन वस्तूंमधून निवडतानाही हेच, ‘मे केदो कोन एल आसुल’, मी निळा घेतो. आता आत्मवाचक रूप आणि पुढे माणूस आला, तर तीन शक्यता. ‘मे केदेऽ कोन मि आबुएला’ म्हणजे मी आजीकडे राहिलो. घटस्फोटाच्या गोष्टीत ‘आना से केदोऽ कोन लोस निन्योस’ म्हणजे मुलांचा ताबा आनाकडे गेला. आणि स्पेनमध्ये चारचौघांत कुणी डोळे वटारून ‘ते एस्तास केदांदो कोन्मिगो?’ विचारलं तर तो विचारतोय, माझी खेचतोयस का? ‘आर यू किडिंग मी?’ हा शेवटचा अर्थ माहीत नसला तर वाक्य ‘तू माझ्याजवळ राहतोयस का?’ असं कळतं, आणि संभाषण भलतीकडेच जातं.

‘एन’च्या पुढे जागा आली तर भेटीची जागा: ‘केदामोस एन ला पुएर्ता देल सोल’, पुएर्ता देल सोलला भेटू. माद्रिदमध्ये हे वाक्य फार ऐकू येतं. त्या चौकातल्या अस्वलाच्या पुतळ्यापाशी लोक एकमेकांची वाट बघत उभे असतात. ‘एन’च्या पुढे क्रियापद किंवा ‘के’ने सुरू होणारं वाक्य आलं तर ठराव: ‘केदामोस एन के तू पागाबास’, पैसे तू देशील असं ठरलं होतं, ‘वी अग्रीड यू वुड पे’. ‘एन के केदामोस?’ हा प्रश्न मात्र वेगळा शिकून घ्या. शब्दशः ‘आपलं काय ठरलं?’, पण सूर बहुधा वैतागाचा: अरे, एक काय ते ठरव. इंग्रजीत ‘सो विच इज इट?’ बरोबर बसतं. आणि ‘केदोऽ एन नादा’ म्हणजे शेवटी काहीच झालं नाही, ‘इट केम टू नथिंग’.

बाकीचे पटकन. ‘पोर’ आणि पुढे क्रियापद म्हणजे करायचं राहिलंय, ‘स्टिल टू बी डन’. ‘पारा’ म्हणजे कशासाठी भेटायचं, ‘केदार पारा सेनार’, जेवायला भेटणं. ‘सिन’ म्हणजे विना, ‘से केदोऽ सिन दिनेरो’, पैसे संपले, ‘ही रॅन आउट ऑफ मनी’. ‘कोमो’ म्हणजे लोकांच्या नजरेत काय ठरलो ते: ‘केदेऽ कोमो उन तोंतो’, माझा पोपट झाला, ‘आय लुक्ड लाइक अ फूल’.

याच नजरेशी जोडलेलं आणखी एक रूप आहे, ‘केदार बिएन कोन’ कुणीतरी आणि ‘केदार माल कोन’ कुणीतरी. कुणासमोर आपली प्रतिमा चांगली राहणं किंवा वाईट होणं. लग्नाला आहेर कमी पडला तर काय वाटेल, ही जी काळजी आपल्याकडे घराघरात असते ती स्पॅनिशमध्ये ‘केदार माल’ या दोन शब्दांत मावते. इंग्रजीत ‘मेक अ बॅड इम्प्रेशन’ म्हणतात, पण त्यात नातेवाइकांची धास्ती येत नाही. ‘लो इसो पोर केदार बिएन’ म्हणजे त्याने ते केवळ चांगलं दिसावं म्हणून केलं.

चौथी पायरी: पुढे विशेषण असेल, तर इंग्रजीतलं क्रियापद विशेषणाने ठरवायचं

स्पॅनिशमध्ये ‘होणे’ला एकच शब्द नाही. पोनेर्से, आसेर्से, बोल्बेर्से आणि केदारसे ही चार क्रियापदं ते काम मुख्यतः वाटून घेतात. ‘केदारसे’च्या वाट्याला बहुधा ज्या अवस्था येतात त्यांत काहीतरी हरवलेलं असतं किंवा पूर्वीचं मागे पडलेलं असतं: दृष्टी गेली, केस गेले, जोडीदार गेला, नोकरी गेली. बदल होऊन गेला आणि माणूस आता त्या अवस्थेत स्थिरावला.

इंग्रजीतही असा एक शब्द नाही, आणि तिथली वाटणी स्पॅनिशशी जुळत नाही. म्हणून ‘बिकम’वर भागवलं तर इंग्रजी पुस्तकी होते. ‘केदारसे सिएगो’, ‘सोर्दो’, ‘काल्बो’, म्हणजे आंधळा, बहिरा, टकला होणं, याला इंग्रजीत ‘गो’ लागतं: गो ब्लाइंड, गो डेफ, गो बॉल्ड. झोपेला आणि गप्प बसण्याला ‘फॉल’: ‘से केदोऽ दोर्मिदो’, ‘ही फेल अस्लीप’. पण हाच ‘दोर्मिदो’ सकाळी उशिरा ऑफिसला पोचलेल्या माणसाच्या तोंडी असेल तर ‘आय ओव्हरस्लेप्ट’. विधवा, विधुर, अनाथ होण्याला इंग्रजी कर्मणी वळते: ‘शी वॉज विडोड’. ‘केदारसे एन ब्लांको’, परीक्षेत डोकं रिकामं होणं, ‘माय माइंड वेंट ब्लँक’. ‘केदारसे दे पिएद्रा’, दगड होऊन राहणं, म्हणजे सुन्न होणं, ‘ही वॉज स्टन्ड’.

‘केदोऽ एंबारासादा’ हे वाक्य वेगळं काढायला हवं, कारण त्यात दोन सापळे आहेत. ‘एंबारासादा’ इंग्रजी ‘एम्बॅरस्ड’सारखा दिसतो, पण अर्थ गरोदर. आणि ‘केदोऽ’ इथे ‘रिमेन्ड’ नाही, तर ‘गॉट’: ‘शी गॉट प्रेग्नंट’. मराठीत मात्र ‘ती गरोदर राहिली’ शब्दाला शब्द तसंच आहे.

विशेषणाच्या जागी ‘-आंदो’ किंवा ‘-इएंदो’ शेवट असलेलं रूप आलं तर आपलं ‘-त राहणे’: ‘से केदोऽ मिरांदो’, तो बघत राहिला, ‘ही स्टूड देअर स्टेअरिंग’. क्रमांक आला तर स्पर्धेचा निकाल, ‘केदोऽ सेगुंदो’, दुसरा आला, ‘ही केम सेकंड’. ‘-आदो’ किंवा ‘-इदो’ शेवटचं रूप आलं आणि बोलणारा अधिकारी, न्यायाधीश किंवा सूचनाफलक असेल, तर बोलताक्षणी गोष्ट लागू होते. ‘केदा उस्तेद देतेनिदो’ म्हटलं की अटक झाली, ‘यू आर अंडर अरेस्ट’. ‘केदा प्रोइबिदो फुमार’ म्हणजे धूम्रपानास मनाई आहे.

पाचवी पायरी: काळ तपासा

भेट ठरवण्याच्या अर्थात काळ फार फसवतो. ‘मान्याना ए केदादो कोन आना’. ‘मान्याना’ म्हणजे उद्या, आणि ‘ए केदादो’ हा पूर्ण वर्तमानकाळ, म्हणजे झालेली गोष्ट. उद्या आणि झालेलं एकत्र कसं? कारण ठरवणं झालंय, भेट व्हायचीय. मराठीत ‘उद्या आनाला भेटायचं ठरलंय’ म्हटलं की काळाचा प्रश्न सुटतो. इंग्रजीत यायला हवं ‘आयम मीटिंग आना टुमॉरो’. ‘आय हॅव मेट आना’ लिहिलंत तर भेट होऊनही गेली.

दुसरा काळाचा पेच ‘केदामोस’चा. ‘आम्ही’च्या रूपात वर्तमान आणि भूतकाळ एकसारखे दिसतात आणि ऐकू येतात. ‘केदामोस आ लास ओचो’ म्हणजे आठला भेटू, किंवा आठची वेळ ठरली होती. ‘आयेर’, म्हणजे काल, असा शब्द आहे का बघा. नसेल तर आधीचं वाक्य बघा.

सहावी पायरी: बोलणारा कुठला?

भेट ठरवायला नुसतं ‘केदामोस?’ विचारणं ही स्पेनची सवय. मेक्सिकोत ‘केदार दे’ जास्त ऐकू येतं: ‘केदोऽ दे यामार्मे’, त्याने फोन करतो म्हणून सांगितलं होतं. काम पुरं झालं की मेक्सिकन माणूस ‘या केदोऽ’ म्हणतो. आपलं ‘झालं!’ आणि इंग्रजीतलं ‘ऑल डन’. चिलीमध्ये ‘केदोऽ ला एस्कोबा’ ऐकलं तर शब्दशः अर्थ ‘झाडू राहिला’ असा होतो, पण सांगायचं असतं की मोठा राडा झाला.

‘केदादा’ हे नाम जपून वापरा. स्पेनमध्ये तो मित्रमंडळींचा किंवा ओळखीपाळखीच्या गटाचा मेळावा, ‘मीट-अप’. मेक्सिकोत बाईला ‘केदादा’ म्हटलं तर ती लग्नाविना राहून गेलेली, असा टोमणा होतो. स्पेनच्या पश्चिमेकडे, एस्त्रेमादुरासारख्या भागात, लोक ‘केदार’ सकर्मकही वापरतात: ‘ए केदादो लास यावेस एन कासा’, किल्ल्या घरी राहिल्या, म्हणजे मी त्या विसरलो. प्रमाण स्पॅनिशमध्ये इथे ‘देखार’ लागतं, आणि परीक्षेत लिहिलंत तर गुण जातील, पण बोलणारा चुकला असं समजू नका. अर्जेंटिनात ‘थांब’ म्हणताना जोर ‘दा’वर येतो, ‘केदाते’. स्पेनमध्ये तो ‘के’वर.

2020 साली स्पॅनिश भाषक जगाने हे क्रियापद दारादारांवर वाचलं: ‘केदाते एन कासा’, ‘स्टे होम’. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये स्पेनमध्ये रात्रीची संचारबंदी आली. तिला स्पॅनिशमध्ये म्हणतात ‘तोके दे केदा’. त्यातला ‘केदा’ हा क्रियापदाचं रूप नाही, लॅटिन ‘क्विएता’वरून आलेलं नाम आहे, पण कूळ तेच.

गोव्यात ज्या घरांत पोर्तुगीज अजून बोलली जाते तिथल्यांना हे सगळं निम्मं आधीच येत असतं. पोर्तुगीजमधलं ‘फिकार’ वेगळ्या मुळाचं आहे, पण लांब असणं, शोभणं, ठेवून घेणं, गरोदर राहणं ही कामं तेच करतं.

सगळं एकत्र: एक गप्पांचा नमुना

माद्रिदमधल्या दोन मित्र-मैत्रिणींचा हा मोबाइलवरचा संवाद मी रचला आहे. आधी स्वतः अर्थ लावा, मग खाली बघा.

ती: ओये, केदामोस मान्याना? मे केदान सोलो दोस दिआस एन माद्रिद.
तो: मान्याना ए केदादो कोन मि एर्माना, पेरो से केदा सोलो आस्ता लास सेइस. केदामोस आ लास सिएते?
ती: बाले. एल बार केदा लेखोस?
तो: नो. इ लोस सापातोस?
ती: मे केदाबान पेकेन्योस. नो मे लोस केदेऽ.
तो: एन के केदामोस? नो देसिआस के ते केदाबान पेर्फेक्तोस?
ती: मे एस्ताबा केदांदो कोन्तिगो.

पहिलं ‘केदामोस’: आत्मवाचक नाही, पुढे ‘उद्या’, प्रश्न. भेटीचं बोलणं, ‘शॅल वी मीट अप टुमॉरो?’ ‘मे केदान’: जोडी जुळत नाही, कर्ता दिवस. उरले, ‘आय ओन्ली हॅव टू डेज लेफ्ट’. ‘ए केदादो कोन’: पुढे बहीण, काळ झालेला. ‘आयम मीटिंग माय सिस्टर’. ‘से केदा’: ‘से’ आहे, आणि ‘सहापर्यंत’ही आहे. बहीण सहापर्यंतच थांबणार, ‘शीज ओन्ली स्टेइंग टिल सिक्स’. ‘केदा लेखोस’मध्ये कर्ता बार, म्हणजे जागा, ‘इज द बार फार?’

बूट आले की लागोपाठ दोन वेगळी रूपं येतात. ‘मे केदाबान पेकेन्योस’मध्ये ‘मे’ आणि ‘केदाबान’ जुळत नाहीत, कर्ता बूट, शेजारी ‘लहान’. लहान होत होते, ‘दे वर टू स्मॉल फॉर मी’. ‘नो मे लोस केदेऽ’मध्ये क्रियापद ‘मी’चं, ‘मे’ही ‘मी’चा, मधे ‘लोस’ म्हणजे ‘ते’. ठेवून घेतले नाहीत, ‘आय डिडन्ट कीप देम’. मग त्याचा वैताग, ‘सो विच इज इट?’, एकदम छान बसत होते म्हणालीस ना? आणि शेवटी ती कबूल करते की खेचत होती, ‘आय वॉज पुलिंग योर लेग’.

उलट दिशेचा सापळा

‘राहणे’ इतकं कामी येतं म्हटल्यावर एक सावधगिरी सांगायलाच हवी. ‘मी पुण्यात राहतो’चं स्पॅनिश ‘मे केदो एन पुने’ होत नाही. त्याचा अर्थ मी पुण्यातच थांबतोय, कुठे जात नाहीये. राहणं म्हणजे वास्तव्य असेल तर ‘बिबीर’: ‘बिबो एन पुने’. इंग्रजीत आपण सर्रास ‘आय स्टे इन पुणे’ म्हणतो ती याचीच बहीण आहे, म्हणून हा घोटाळा दोन्ही भाषांत एकदमच होतो. ओळख करून देताना पहिल्याच वाक्यात हा घोटाळा झाला तर समोरचा विचारतो, ‘आस्ता क्वांदो?’, कधीपर्यंत?

ऑफिसच्या पत्रांत

कामाच्या पत्राच्या शेवटी ‘केदो आ ला एस्पेरा दे सु रेस्पुएस्ता’ येतं. शब्दशः मी तुमच्या उत्तराच्या प्रतीक्षेत राहतो. ‘आय रिमेन वेटिंग’ लिहिलं की पत्र शंभर वर्षं जुनं वाटतं. ‘आय लुक फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू’ एवढंच पुरे. ‘केदो आ सु दिस्पोसिसिओन’साठी ‘प्लीज लेट मी नो इफ यू नीड एनिथिंग एल्स’. दर पत्रात येणारी ही वाक्यं एकदा ठरवून लिहून ठेवा, म्हणजे पुन्हा विचार करावा लागत नाही.

सरावासाठी

ही पाच वाक्यं आधी झाकून सोडवा. पहिलं, ‘नो से मे केदान लोस नोंब्रेस’. दुसरं, ‘कोमो केदोऽ एल पार्तिदो?’ तिसरं, ‘तोदाबिआ केदा मुचो पोर आसेर’. चौथं, ‘ते केदास आ कोमेर?’ पाचवं, ‘पोर मि, के नो केदे’.

पहिल्यात ‘से’ आणि ‘मे’ दोन्ही आहेत, आणि कर्ता नावं. नावं माझ्या लक्षात राहत नाहीत, ‘आयम बॅड विथ नेम्स’. दुसऱ्यात निकाल विचारलाय, ‘व्हॉट वॉज द फायनल स्कोअर?’ तिसऱ्यात ‘पोर’ आणि क्रियापद, अजून बरंच करायचं राहिलंय. चौथ्यात ‘ते’ आणि ‘केदास’ची जोडी जुळते, म्हणून जेवायला थांबतोस का. पाचवं तोडून अर्थ लागत नाही, आख्खं लक्षात ठेवायचं: माझ्यामुळे अडायला नको, माझी तयारी आहे.